डर्ट बाईक : इंजिन बांधू की नवी घेऊ? (इम्पल्स, २०१२)

पाणंदवाला · कोल्हापूर · १७ जानेवारी, रात्री १०:४२

मंडळी, तीन आठवडे झाले डोक्यात एकच आकडेमोड चालू आहे. घरचे आता ऐकून घेत नाहीत, म्हणून इथे आलोय.

गाडी हिरो इम्पल्स, पासिंग मार्च २०१२, एमएच ०९. पहिला आणि एकमेव मालक मी. मीटर ६१ हजार दाखवतं, पण मधे वर्ष-दीड वर्ष ते बंद होतं, तेव्हा ७० धरून चाला. रोज ऑफिसला जायला स्कूटर आहे. ही माझी डर्ट बाईक फक्त दोन कामांना निघते. शनिवारी पन्हाळ्याच्या अंगाला शेतावर जाते, २२ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन निव्वळ पाणंद. आणि जमलं तर रविवारी मसाई पठार नाहीतर गगनबावडा. महिन्याला दोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यावर नाही.

दुखण्याची सुरुवात बहुतेक जुलै २०२१ची. पुराचं पाणी पार्किंगमध्ये आलं तेव्हा मी बाहेरगावी होतो. गाडी दोन दिवस टाकीपर्यंत पाण्यात. मिस्त्रीने तेल काढलं तर दुधाचा चहा ओतल्यासारखं आलं. तीनदा तेल बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, चालू झाली. पुढे चालत राहिली म्हणून मीही विसरलो.

आता निळा धूर मारते. हजार किलोमीटरमध्ये जवळजवळ अर्धा लिटर तेल पिते. सकाळी चालू केली की गरम होईपर्यंत खडखड. तिसरा गिअर कधी कधी स्वतःहून सुटतो, तोही नेमका चढाला. पुढचा डावा शॉकअप तेल गाळतोय.

गॅरेजने अंदाज दिला ३६,४०० रुपये. त्यात पिस्टन, बोअर, क्रँक, हेड, गिअर, क्लच प्लेटा, चेन स्प्रॉकेट, दोन्ही टायर, सगळं आलं. आहे तशी द्यायची तर एक जण १८ हजार द्यायला तयार आहे. दुसरीकडे हिरोचीच नवी एक्सपल्स २१० बघून आलो, रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या घरात जाते.

बायको म्हणते, घ्यायची तर घ्या पण रोज घरात चर्चा नको. वडील म्हणतात, ट्रॅक्टरचा हप्ता चालू आहे तिकडे बघ.

काय करू?

चिखल्या · कराड · १७ जानेवारी, रात्री ११:०५

आधी एक नोंद. इम्पल्स ही डर्ट बाईक नव्हे. डर्ट बाईकला हेडलाईट नसतो, नंबरप्लेट नसते, ती पिकअपमध्ये घालून ट्रॅकवर न्यायची असते. इम्पल्स म्हणजे दोन्हीकडे चालणारी, थोडी उंच गाडी. होंडापासून वेगळं झाल्यावर हिरोने २०११मध्ये काढली. १५० सीसी, तेरा-साडेतेरा पॉवर. मला आवडते, पण शब्द जपून वापरावा.

पाणंदवाला · १७ जानेवारी, रात्री ११:११

चिखल्याभाऊ, आमच्या पाणंदीत एकदा जून महिन्यात या. मग शब्द ठरवू.

घाटमाथा · पुणे · १८ जानेवारी, सकाळी ८:२०

भावा, सरळ हिरोच्याच करिझ्माचं इंजिन टाक. २२३ सीसी. इम्पल्सच्या चेसिसमध्ये लोकांनी बसवलेलं मी स्वतः चालवून बघितलंय. नाद खुळा गाडी होते. जुनं इंजिन जुन्या बाजारातून घ्यायचं, माउंटिंग वेल्ड करायचं, झालं. ३६ हजारात इंजिन बांधून पुन्हा तेरा पॉवरच मिळणार असेल तर कशाला?

तेलकट हात · सांगली · १८ जानेवारी, सकाळी ९:४५

पाणंदवाला, इंजिन बदलायचं, बांधायचं, विकायचं, सगळं नंतर. ज्या गॅरेजने गाडी न उघडता ३६,४०० सांगितले, त्याने अंदाज नाही सांगितला, भीती सांगितली. सगळंच गेलं असं धरून बेरीज केली की त्याला नंतर तुमच्याशी वाद घालावा लागत नाही. त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. चाळीस वर्षं हेच काम केलंय.

मला चार गोष्टी कळवा.

धूर नेमका कधी येतो? सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर एक भपका येऊन थांबतो का? घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरवर सोडता आणि खाली आल्यावर पीळ दिला की भपका येतो का? की चढाला पूर्ण पीळ दिल्यावर सतत मागे निळी रेघ राहते? पहिले दोन प्रकार असतील तर वॉल्व्हचे सील आणि गाईड. ते हेड काढून होतं, स्वस्तात. तिसरा असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी.

दुसरं, कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, प्लग काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, गेज लावून किका मारायच्या. आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा एकदम वर गेला तर रिंगांतून गळतंय, कारण तेलाने तेवढ्यापुरती फट बुजली. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह.

तिसरं, खडखड वरून येते की खालून? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला. डाव्या-उजव्या बाजूला वर टकटक असेल तर टायमिंग चेन किंवा टॅपेट. खोलवर दणदण असेल तर कनेक्टिंग रॉड, आणि मग गाडी चालवू नका.

चौथं, तिसरा गिअर. हे तुमच्या अंदाजातलं सगळ्यात महाग कलम आहे, पण कुणाच्या लक्षात येत नाही. पिस्टनला इंजिनाची केस, म्हणजे खालचं कवच, फोडावी लागत नाही. गिअर सुटतो म्हणजे गिअरचे डॉग (एकमेकांत अडकणारे दात) झिजलेत किंवा गिअर सरकवणारा सिलेक्टर फोर्क वाकलाय, त्याला पूर्ण केस फोडावी लागते. एकदा फोडायचीच असेल तर क्रँकचे बेअरिंगही त्याच मजुरीत करून घ्यायचे.

कागदी वाघ · ठाणे · १८ जानेवारी, दुपारी १:३०

घाटमाथा यांनी सांगितलेला प्रकार रस्त्यावर सर्रास दिसतो, म्हणून तो कायदेशीर होत नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळच्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. बदली इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. १५०च्या जागी २२३ सीसी म्हणजे वेगळंच प्रकरण. अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेयरने इंजिन नंबर बघितला तर दावा तिथेच अडकतो. समोरच्याला दुखापत झाली असेल तर पुढचं बोलायलाच नको.

आता मूळ प्रश्न. इथे सगळे पिस्टन मोजताहेत, कागद कुणी मोजत नाही. पासिंग मार्च २०१२ म्हणजे नोंदणीची १५ वर्षं मार्च २०२७मध्ये संपतात. पुढची पाच वर्षं चालवायची तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण. दुचाकीची फी १,००० रुपये, त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००. अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करायचा. उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये दंड चढतो, आणि मधल्या काळात गाडी रस्त्यावर आणता येत नाही. इन्स्पेक्टर गाडी प्रत्यक्ष बघतो. चेसिस नंबर गंजून वाचता येत नसेल तर तिथे अडकाल. पुरातली गाडी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, तो आजच बघून घ्या.

जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, ती बसवली नसेल तर ४५० अधिक जीएसटी, ५३१ रुपये.

विम्यातही फरक आहे. ७५ ते १५० सीसीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता ७१४, त्याच्यावर ३५०पर्यंत १,३६६. नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो ७,३६५. दोन लाखांत हे धरलं असेल, पण विचारून घ्या. आणि कोटेशन जीएसटी २८चा १८ झाल्यानंतरचं आहे ना तेही बघा.

घाटमाथा · १८ जानेवारी, दुपारी १:४४

वाघसाहेब, आमच्या ग्रुपमध्ये सहा गाड्या अशा आहेत, कुणी विचारलं नाही आजवर.

कागदी वाघ · १८ जानेवारी, दुपारी १:५०

विचारतात तेव्हा एकदाच विचारतात.

सह्यभटकी · नाशिक · १८ जानेवारी, रात्री ९:१५

मी चार वर्षं एक्सपल्स २०० फोर व्ही चालवतेय, त्याआधी मोठ्या भावाची इम्पल्स तीन वर्षं चालवली. दोन्हींवर पडलेय, तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं समजते.

एक्सपल्स गाडी म्हणून पुढे आहे यात वाद नाही. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. त्र्यंबक-जव्हार रस्त्यावर पावसाळ्यात जे खड्डे होतात त्यात इम्पल्सचं १९ इंची चाक आदळायचं, एक्सपल्सचं वरून जातं. सस्पेन्शनला खोली आहे. रात्री हेडलाईट दिसतो, इम्पल्सचा लावावा लागायचा फक्त पोलिसांसाठी.

पण वजन. इम्पल्स १३४ किलो. माझी १५८. तुम्ही बघताय ती २१० तर १६८. कागदावर हे आकडे काहीच वाटत नाहीत. निरगुडपाड्याच्या बाजूला एका ओढ्यात गाडी आडवी झाली आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. इम्पल्स मी एकटीने उचलायचे, पाठ सीटला टेकवून, हँडल वळवून, पायाने ढकलत. एक्सपल्स तशीच उचलायला गेले तर चिखलात मीच बसले. शेवटी बॅगा सोडवल्या, टाकीवरचं सगळं काढलं, तेव्हा उठली. शेतावर एकटे जाता ना? पाणंदीत पडल्यावर १६८ किलो कोण उचलणार, हे दुकानात गाडी बघताना मनात येत नाही.

माझं मत तरीही नवी घेण्याकडे आहे. कारण छत्तीस हजार घालून इंजिन बांधाल, मग वायरिंग जाईल, मग मागचा मोनोशॉक, मग प्लॅस्टिक. भावाच्या गाडीचं असंच झालं. दर दोन महिन्यांनी सहा हजार. शेवटी कंटाळून दिली.

उगाच कशाला · अंबरनाथ · १८ जानेवारी, रात्री ९:२१

विका. १८ हजार आले की ट्रॅक्टरचा हप्ता भरा. वडील खूश.

गवताळ · हॅमिल्टन, न्यूझीलंड · १९ जानेवारी, पहाटे ३:१०

मी इथे डेअरी फार्मवर आहे. शेतावर फिरायला यामाहा एजी २०० असते, साधी, हवेवर थंड होणारी, पूर्ण चेन बंद डब्यात. मालकाची कधीची आहे त्यालाच आठवत नाही. गायींमागे रोज शेणाचिखलातून जाते आणि तरी चालते, कारण चेनला माती लागत नाही आणि मालक एअर फिल्टर दर आठवड्याला धुतो. तुमच्या गाडीचा एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? मसाई पठारावरची लाल धूळ आत गेली की बोअरला पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. इंजिन बांधून तोच फिल्टर पुन्हा बसवू नका.

पाणंदवाला · २४ जानेवारी, रात्री १०:०२

सगळ्यांना धन्यवाद. तेलकट हात काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. शेजारच्या पोराकडून गेज आणलं.

कॉम्प्रेशन कोरडं ९५ पीएसआय. तेल सोडल्यावर १४०. धूर चढाला सतत, मागचा गाडीवाला हॉर्न मारतो इतका. घाट उतरून पीळ दिला तरी येतो, पण तो थोडा. खडखड वर, डाव्या बाजूला. गरम झाल्यावर जाते.

चेसिस नंबर वाचता येतो. हातानेच रंग खरवडून बघितला, सगळे अंक आहेत. वाघसाहेब, प्लेट डिसेंबरात बसवली.

एअर फिल्टर... गवताळभाऊ, लाज वाटते सांगायला. काढला तर स्पंजाचा चुरा हातात आला. एका कोपऱ्यात तर स्पंजच नव्हता. आतल्या पाइपला बोट फिरवलं, लाल.

तेलकट हात · २५ जानेवारी, सकाळी ७:३०

म्हणजे बोअर-रिंगा गेल्या, वॉल्व्ह सीलही थोडे. टायमिंग चेन सैल. रॉड बहुतेक शाबूत. इंजिनाची मला काळजी नाही. या इंजिनाचं बरंच सामान हिरोच्याच हंक आणि एक्स्ट्रीमचं बसतं, आणि त्या गाड्या अजून ढिगाने रस्त्यावर आहेत. पिस्टन मिळेल, प्लेटा मिळतील.

काळजी आहे चेसिसची. इंजिन बांधता येतं, फ्रेम बांधता येत नाही. आतून गंजलेली फ्रेम वरून रंगवली की नवरदेवासारखी दिसते. पुरात दोन दिवस उभी असलेली गाडी म्हणजे नळ्यांत पाणी शिरलंच, आणि पाण्याबरोबर गाळ. टाकी, सीट, मागचं चाक काढा. वायर ब्रशने हँडलच्या मानेजवळचे वेल्ड आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बसतो तिथले वेल्ड उघडे करा. लहान हातोडीने नळी ठोकत जा. चांगली नळी टणटण वाजते, खाऊन गेलेली बद्द वाजते. केसासारखी रेघ दिसली तर त्यावर रॉकेल लावून पुसा आणि वरून खडूची पूड फासा. रेघ खरी असेल तर रॉकेल पुन्हा पाझरून खडू ओला होतो.

मग दोन्ही चाकांना बाजूने दोरा लावून बघा, मागचं चाक पुढच्याच्या ओळीत आहे का.

फ्रेम चांगली निघाली तर बांधा. फ्रेम गेली असेल तर १८ हजारवाल्याला द्या आणि मागे वळून बघू नका. पण काय आहे ते त्याला सांगून द्या.

पाणंदवाला · ८ फेब्रुवारी, रात्री ११:३५

अहवाल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

गॅरेजला दिलीच नाही. शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या ओळखीचे एक लेथवाले आहेत, त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात जागा मिळाली. माझ्या वर्गातला एक मिस्त्री संध्याकाळी सहानंतर यायचा. मी सुट्टी टाकून हाताखाली.

पहिले दोन दिवस काय केलं विचाराल तर एक बोल्ट काढला. स्विंगआर्मचा आडवा बोल्ट. पाच वर्षांत तिथे ग्रीस लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. बुशमध्ये बोल्ट गंजून एकजीव झालेला. डिझेल सोडलं, रात्रभर ठेवलं, घण घातला, ढिम्म. दुसऱ्या दिवशी गॅसने बुश तापवला, वरून पाणी मारलं, पुन्हा घण. तिसऱ्यांदा केल्यावर बारीक 'टक्' झालं आणि बोल्ट केसभर सरकला. तेव्हा मिस्त्री आणि मी एकमेकांना टाळी दिली, लेथवाले काका चष्म्यावरून बघत होते.

स्विंगआर्म सुटला. भिंतीला टेकवायला म्हणून उभा केला तर आतून सर्रकन काहीतरी खाली पडलं. मूठभर कोरडा, राखाडी, मैद्यासारखा गाळ. पंचगंगेचा. २०२१पासून मी तो घेऊन मसाईवर फिरत होतो.

मोनोशॉकच्या (मागच्या एकाच शॉकअपच्या) लिंकेजमधले, म्हणजे त्याला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या दुव्यातले, सुयांचे बेअरिंग तर बेअरिंगच राहिले नव्हते. सुया नाहीत, नुसती तपकिरी पूड. म्हणूनच मागून गाडी दगडासारखी आदळायची, आणि मी वय झालं म्हणून पाठ दुखते समजत होतो.

फ्रेम. तेलकट हात काकांनी सांगितलं तसं ठोकत गेलो. मानेजवळ स्वच्छ. इंजिनच्या खालची आडवी नळी एका जागी बद्द वाजली, बोटभर लांबी. तिथे भोक पाडून बघितलं तर आत ओलसर गाळ बसलेला, पण धातू जाड होता. गाळ काढला, हवा मारली, आतून मेण आणि तेलाचं मिश्रण गरम करून फिरवलं. लिंकेजच्या कानाजवळ एक रेघ दिसली. खडू लावला, रात्रभर वाट बघितली. सकाळी खडू कोरडा. रंगाची चीर निघाली. त्या रात्री मला झोप लागली नाही हे बायकोला सांगू नका.

इंजिन. केस फोडली. तिसऱ्या गिअरचे डॉग गोल झालेले, सिलेक्टर फोर्क एका बाजूने घासलेला. रॉड वर-खाली हलवून बघितला, अजिबात खेळ नाही, म्हणून क्रँकला हात लावला नाही, फक्त बेअरिंग बदलले. बोअर मोजला तर वर जास्त, खाली कमी, शिवाय लांबट. आधी एकदा बोअर वाढवून मोठा पिस्टन घातलेला होता. लेथवाले काका म्हणाले, ५०चा (अर्धा मिलिमीटर मोठा) पिस्टन घेतला तर साफ निघेल, स्लीव्हची गरज नाही. हंकचा पिस्टन मिळाला.

लिंकेजचे बेअरिंग शोधण्यात चार दिवस गेले. स्पेअरपार्टच्या दुकानांत 'बंद झालं' एवढंच उत्तर. कंपनीच्या डब्यातलं मिळेना. शेवटी लेथवाल्या काकांनी बेअरिंगच्या घराचा आतला व्यास, शाफ्टचा बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरने मोजून कागदावर लिहून दिली आणि मला स्पेअरपार्टच्या नाही, बेअरिंगच्या दुकानात पाठवलं. तिथल्या माणसाने गाडी कुठली विचारलंही नाही. कागद बघितला, मागच्या खणातून तीन डब्या काढून दिल्या. सुयांचे बेअरिंग मापावर मिळतात, गाडीच्या नावावर नाही, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

पुढचा टायर ९०/९०-१९ म्हणजे रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक ३५०च्या पुढच्याच मापाचा, त्यामुळे कुठेही मिळतो. चिखलाच्या खाचांचा हवा होता तो नाही मिळाला, साधाच घातला.

एकूण २३,७०० रुपये. त्यात माझी मजुरी आणि सुट्ट्या धरल्या नाहीत. मिस्त्रीला पैसे दिले, पार्टी वेगळी.

तेलकट हात · ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

बोल्ट परत बसवताना ग्रीस लावलं ना?

पाणंदवाला · ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

डबा रिकामा केला काका.

सह्यभटकी · ९ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

वाचून मजा आली आणि हेवा पण वाटला. पण मी माझ्या मतावर आहे. सुट्ट्या, चार दिवसांचा शोध, ओळखीची शेड, ओळखीचा मिस्त्री. हे ज्याच्याकडे नाही त्याला हीच गाडी ३६,४००लाच पडली असती. गॅरेजवाला तितका चुकला नव्हता. आणि वायरिंगला तुम्ही हात लावलेला दिसत नाही.

पाणंदवाला · ९ फेब्रुवारी, दुपारी १:०५

वायरिंग चालू आहे, म्हणून नाही लावला.

चिखल्या · ९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

पुरातली गाडी आणि वायरिंगला हात नाही? धाडसी आहात. आता मी तिला डर्ट बाईक म्हणायला तयार आहे.

पाणंदवाला · ३ मार्च, रात्री ९:५०

सह्यभटकीताई, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणणार नाही.

रविवारी पहाटे गगनबावड्याला निघालो. इंजिन लोण्यासारखं. नव्याने बांधलेल्या इंजिनाचं रनिंग चालू आहे म्हणून साठच्या वर नेली नाही, पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल बदललंय, धूर शून्य. मागचं सस्पेन्शन काम करतं म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, पाठीला. घाटाच्या अलीकडे अचानक सगळं बंद. लाईट नाही, हॉर्न नाही, स्टार्टर नाही. फ्यूज उडालेला. दुसरा टाकला, तोही उडाला. तिसरा नव्हता.

चार किलोमीटर ढकलली. १३४ किलो. तुम्ही सांगितलेल्या १६८ किलोची आठवण आली आणि चढाला बरं वाटलं.

एका टपरीवर चहावाल्याच्या पोराने हँडलच्या मानेजवळची वायर बघ म्हणून सांगितलं. टेप काढली तर आतली तांब्याची तार हिरवी पूड झालेली, आणि हँडल वळलं की तारेचं टोक फ्रेमला लागत होतं. तो तुकडा कापून, दुसऱ्या वायरने जोडून, चहाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळून घरी आलो. आता पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) नवा टाकतोय. ३,२०० अधिक मजुरी.

सह्यभटकी · ३ मार्च, रात्री १०:०५

काही बोलत नाही.

उगाच कशाला · ३ मार्च, रात्री १०:०७

विका.

कागदी वाघ · ४ मार्च, सकाळी ९:३०

हार्नेस टाकताना हेडलाईट, इंडिकेटर, ब्रेकलाईट, हॉर्न सगळं चालू करून ठेवा. पुढच्या जानेवारीत अर्जाची खिडकी उघडेल, तपासणीला तेच बघतात. पीयूसी पण तोवर ताजी ठेवा. निळा धूर गेला म्हणता तर ती अडचण राहिली नाही.

पाणंदवाला · ४ मार्च, दुपारी १:१५

तोपर्यंत तरी गाडी माझ्याकडेच. २१०चं कोटेशन कपाटात ठेवलंय. बायकोने त्याच्या मागे किराणा लिहिलाय.

विदर्भवीर · चंद्रपूर · ११ मार्च, रात्री ८:४०

जुना धागा वर काढतोय, माफी असावी. माझी २०१३ची इम्पल्स आहे, लिंकेज अगदी असंच वाजतं. पाणंदवाला, त्या बेअरिंगची मापं लिहिलेला कागद अजून आहे का?

पाणंदवाला · ११ मार्च, रात्री ९:०२

कागद शेडमध्ये भिंतीला चिकटवलाय, उद्या फोटो टाकतो. पण तुमचे आधी मोजून घ्या, माझ्या गाडीचं एक बुश काकांनी लेथवर थोडं खाल्लंय. आणि हो, स्विंगआर्मच्या बोल्टला आजच डिझेल सोडायला सुरुवात करा.

विदर्भवीर · ११ मार्च, रात्री ९:०६

सोडलं. जुना मागचा मडगार्ड फेकला नसेल तर सांगा, माझा तुटलाय.

पाणंदवाला · ११ मार्च, रात्री ९:१०

आहे. एका बाजूला चीर आहे, आतून पत्र्याची पट्टी मारलीय. चालत असेल तर एसटीच्या पार्सलने लावून देतो.